हात जांघेला शिवलाय. मलम आणि गोळी आणू का?

प्रश्न : माझे मिस्टर रबाळे एमआयडीसीत पॉवर प्रेसवर आहेत. उजवा हात प्रेसखाली आला. हाताच्या पाठीवरची कातडी निघून आतल्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) दिसत होत्या. डॉक्टरांनी जांघेतली कातडी उचलून तिथे बसवली. हात अजून जांघेलाच शिवलेला आहे, तीन आठवड्यांनी सोडवणार आहेत. आज आठवा दिवस, आम्ही घरी आलोय. कडेचा नखाएवढा भाग काळा पडलाय. माझा भाऊ मोबाइलवर वाचून सांगतो की नायट्रोग्लिसरीनचं मलम आणि सिल्डेनाफिलची गोळी दिली तर कातडी वाचते. डॉक्टर लिहून द्यायला विसरले असतील का? विकत आणू का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : नका आणू ताई. दोन्ही एकत्र तर अजिबात नको. दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात आणि जोडीने दिली तर रक्तदाब एवढा खाली जातो की माणूस जिवाला मुकू शकतो.

भाऊ खोटं सांगत नाही, अर्धं सांगतो. तुमच्या मिस्टरांना लावलाय तो फ्लॅप, म्हणजे स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन आलेली कातडी. सध्या ती जांघेतल्या एका बारीक धमनीवर जगते. देठाजवळ, म्हणजे जिथे ती जांघेला जोडलेली आहे तिथे, रक्त भरपूर, टोकाला कमी. घणसोलीत शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्याला पाण्याचा दाब समजावून सांगायला नको, तसंच हे. म्हणून काळं पडलं तर टोकाला किंवा कडेला पडतं. हळूहळू हाताकडून नव्या केशवाहिन्या फ्लॅपमध्ये शिरतात, त्यासाठीच ते तीन आठवडे. सोडवण्याआधी काही सर्जन देठ थोडा वेळ आवळून बघतात. तरीही फ्लॅपचा रंग टिकला, तर हाताने त्याला सांभाळायला घेतलंय असं समजायचं.

आता औषधं. 1965 साली मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पाठीवरच्या फ्लॅपचा प्रयोग मांडला. त्यात टोक ठरल्यासारखं मरतं, त्यामुळे औषध दिल्यावर किती वाचलं हे मोजता येतं. तेव्हापासून सिल्डेनाफिल, रक्ताचा प्रवाह सुधारणारं पेन्टॉक्सिफायलीन, अगदी बोटॉक्ससुद्धा उंदरांवर वापरून झालं आणि बऱ्याच औषधांनी टोक वाचवलं. पण उंदराची कातडी ढिली असते, तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, आपल्या कातडीची ठेवण वेगळी. उंदरावर जिंकलेली बहुतेक औषधं माणसाच्या वॉर्डात पोचलीच नाहीत. नायट्रोग्लिसरीनच्या मलमाची गोष्ट थोडी निराळी. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत ते लावल्यावर कातडी मरण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, असं कॅनडातल्या एका चाचणीत दिसलं, 2015 मध्ये. पण ते लावलं होतं शस्त्रक्रियेच्या शेवटी, ड्रेसिंग करताना. आठव्या दिवशी काळा झालेला भाग मेलेलाच असतो, मलमाने तो उठून बसत नाही. तेव्हा डॉक्टर विसरले वगैरे काही नाही.

तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिली नाहीत, म्हणून मीच विचारते. मिस्टर तंबाखू मळतात का? बिडी? ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या कारखान्यांतून असे हात माझ्याकडे वर्षानुवर्षं येत, आणि राउंडला रोग्याच्या उशीखाली पुडी सापडणं ही काही नवलाई नव्हती. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. भाऊ मलमाने जे साधू पाहतोय, त्याच्या नेमकं उलट ही पुडी करते, तेही दिवसातून अनेकदा. चुना-तंबाखू, मिश्री, गुटखा, सगळं बंद. घरात दुसऱ्या कुणी बिडी ओढत असेल तर त्याने खाली जाऊन ओढावी.

बाकी काम तुमच्या हातात आहे. देठाला पीळ किंवा ताण पडू देऊ नका. झोपेत हात ओढला जातो, म्हणून पट्टा नीट बांधा, कोपराखाली उशी द्या. खोली थंडगार नको. मोकळी बोटं, कोपर, खांदा जेवढं सांगितलंय तेवढं हलवायला लावा, नाहीतर फ्लॅप जगेल आणि खांदा आखडेल.

दिवसातून दोनदा उजेडात रंग बघा. बोटाने हलकं दाबलं की फिकं होऊन साधारण दोन सेकंदांत रंग परतायला हवा. पांढरं, गार पडलं, रंग परतेना, तर रक्त पोचत नाही. जांभळं, फुगलेलं, रंग दाबताक्षणी परततो, तर रक्त अडकलंय. (अशा अडकलेल्या फ्लॅपला आजही जळवा लावतात. सुश्रुताने जळवांवर अख्खा अध्याय लिहिलाय. पण ते काम रुग्णालयात, अँटिबायोटिकच्या आडोशाने, कारण जळूच्या पोटातले जंतू जखमेत शिरतात.) यातलं काहीही दिसलं, वास आला, पू आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. काळी कड कोरडी आणि तेवढीच राहिली तर घाबरू नका, पण पुढच्या ड्रेसिंगला मुद्दाम दाखवा. गरज पडली तर ती कापून काढता येते.

आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड असेल, तर अपघाताची नोंद कारखान्याने केली आहे का ते आजच बघा. कामावरच्या दुखापतीत रजेच्या काळात सरासरी रोजाच्या 90 टक्के रक्कम मिळते. ही रजा लांबणार आहे.