विहिरीला कप्पी आहे का?

प्रश्न : माझे आईवडील आंजर्ल्याला दोघंच असतात. वडील ७४, आई ६९. २०२०च्या निसर्ग वादळात नऊ दिवस त्यांच्याशी बोलणं झालं नाही आणि घरात जवळजवळ महिनाभर वीज नव्हती. यंदा पावसाळ्याआधी मोठा इन्व्हर्टर बसवून द्यावा, असं मला वाटतं. वडील म्हणतात, ‘त्यापेक्षा विहिरीचं बघ.’ त्यांना कसं समजवावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वडिलांचं ऐका.

मी दिवेआगरची. ३ जूनला दुपारी ते वादळ आमच्या डोक्यावरूनच गेलं. वाडीतल्या पोफळी एकमेकींवर आडव्या, त्यांच्याखाली विजेचे खांब, घरावर धड कौल राहिलं नाही. तरी त्या संध्याकाळी मला रडू आलं ते अंधारामुळे नव्हे. चाळीस पावलांवर विहीर, वाकून बघितलं तर पाणी दिसतंय, आणि घरात प्यायला कळशीभरसुद्धा नाही. मोटर बसवल्यावर आम्ही रहाट काढून टाकला होता, दोर तर कधीचाच कुजला. शेवटी मांगरात सासऱ्यांच्या वेळची लोखंडी कप्पी सापडली. शेजारच्यांनी म्हशीची दावी आणली, ती एकमेकांना बांधून पोहरा सोडला. पुढे आळीतली चार घरं त्याच कप्पीवर पाणी भरत होती. पाऊस लागला तसे पागोळ्यांखाली पिंप लावले. धुणीभांडी त्यावर निघाली.

आमच्याकडेही इन्व्हर्टर होता. पहिल्या रात्री दोन वाजता तो बसला. त्याला चार्ज व्हायलाही वीजच लागते, आणि ती आली २६व्या दिवशी. विहिरीची मोटर तर घरगुती इन्व्हर्टरवर सहसा चालतच नाही. चार-सहा तासांच्या भारनियमनाला तो चांगला, बसवायचा तर जरूर बसवा, पण आधी कप्पी.

गावात कोणी जनरेटर फिरवून टाक्या भरून देत असेल, तर मोटर थेट जनरेटरला जोडायला सांगा, घरातल्या प्लगमध्ये नव्हे. जनरेटर घरातल्या प्लगमध्ये जोडला तर वीज उलटी खांबावर जाते आणि तिथे काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. आमच्याकडे बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली पोरं पावसात, चिखलात खांब खांद्यावर वाहून वाडीत नेत होती, कारण गाडी आत शिरतच नव्हती. शाळेत झोपायची. आम्ही आळीपाळीने त्यांना पिठलंभात करून दिला. त्यांची आठवण आली की हे सांगितल्यावाचून राहवत नाही. जनरेटर पडवीत किंवा खोलीतही ठेवू देऊ नका. धूर कोंडून माणसं दगावतात.

आता त्या नऊ दिवसांबद्दल. तुमचा जीव किती टांगणीला लागला असेल, मला ठाऊक आहे; माझी मुलगी तेव्हा डोंबिवलीत होती, आणि लॉकडाऊनमुळे तिला येताही येत नव्हतं. आमच्या आळीतल्या एका मुलाने तिसऱ्या दिवशी वही काढली. प्रत्येक घराने एक नंबर आणि एक ओळ लिहून दिली. ती वही घेऊन तो मोटारसायकलने माणगावच्या बाजूला, रेंज मिळेल तिथपर्यंत गेला आणि एकेकाला फोन केले. माझी ओळ होती, ‘सगळी बरी आहोत, कौलं गेली.’ त्याच्याकडे नंबर होता म्हणून हे झालं. मोबाइल बंद पडल्यावर मुलीचा नंबर मला तोंडपाठ नव्हता, जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला सापडला. तेव्हा तुमचा नंबर ठळक अक्षरांत माजघराच्या भिंतीवर लावा, आणि शेजारच्या एका घरातही देऊन ठेवा.

आईवडिलांपैकी कोणी इन्सुलिन घेत असेल, तर फ्रीज बंद पडल्यावर ते कसं आणि किती दिवस ठेवायचं, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या. वादळानंतर दवाखान्यापर्यंत रस्ता असेलच असं नाही.

कप्पी लोखंडीच घ्या. आणि दोर नायलॉनचा बारीक नको, ओल्या हाताला कापतो. काथ्याचा जाड घ्या, विहिरीच्या तळापेक्षा दोन वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर) जास्त, आणि वापर नसेल तेव्हा घरात वळचणीला कोरडा टांगून ठेवायला सांगा.