नकाशाची पाठ आधी वाचा

प्रश्न : जुन्या बाजारात ‘ब्लाऊ’ नाव असलेला रंगीत नकाशा मिळाला. अस्सल की नक्कल, घरी कसं ओळखावं? (वाचक, पुणे)

उत्तर : जहाजं आणि कुलचिन्हं नंतर पाहा, आधी नकाशा उलटा करा. सतराव्या शतकातला डच नकाशाकार विल्यम ब्लाऊ आणि त्याचा मुलगा योआन यांच्या ॲम्स्टरडॅममधल्या छापखान्यातले बहुतेक नकाशे ॲटलासांसाठी छापले जात. त्यांच्या पाठीवर त्या प्रदेशाचं वर्णन लॅटिन, डच, फ्रेंच किंवा जर्मनमध्ये असे. त्या भाषेवरून आणि पानाच्या खुणांवरून आवृत्ती शोधता येते. सुटे नकाशेही विकले जात, म्हणून नुसत्या कोऱ्या पाठीवरून नकाशा खोटा ठरवू नका.

मग कागद उजेडासमोर धरा. चिंध्यांच्या लगद्याच्या हातकागदात दाट, बारीक रेघा दिसतात. त्यांना छेदणाऱ्या रेघा साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावर असतात. चौकटीबाहेर बोट फिरवा : छपाईसाठी नकाशा कोरलेला तांब्याचा पत्रा ओलसर कागदात दाबला गेल्याची कड लागली पाहिजे. ही कड नंतरही उठवता येते, त्यामुळे एवढ्यावर पैसे मोजू नका. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून अक्षरं पाहा. कोरलेल्या रेघेतली शाई सलग आणि किंचित उठलेली दिसते. रेघा किंवा रंग बारीक ठिपक्यांनी बनलेले असतील तर ती ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यंत्रावर छापलेली नक्कल.

कागदाचा रंगही पाहा. चहाच्या पाण्याने ‘जुना’ केलेला कागद सगळीकडे सारखाच पिवळा असतो. खरा जुना कागद कडांना आणि मधल्या घडीला जास्त मळतो.

प्रश्न : एकच नकाशा होंडियसच्याही नावाने आहे आणि ब्लाऊच्याही. चोरी कुणाची? (वाचक, नाशिक)

उत्तर : अशा बऱ्याच जोड्यांत तो छपाईच्या तांब्याच्या पत्र्यांचा व्यवहार होता. होंडियस हेही ॲम्स्टरडॅममधलं नकाशाकारांचं घराणं. धाकटा योडोकस होंडियस 1629 मध्ये वारला आणि विल्यम ब्लाऊने त्याचे सुमारे 40 तांब्याचे पत्रे विकत घेतले. पत्र्यावरचं जुनं नाव घासून त्याने स्वतःचं कोरलं आणि 1630 मध्ये 60 नकाशांचा ॲटलास काढला. योडोकसचा भाऊ हेन्रिकस आणि मेहुणा यान्सोनियस यांनी मग तेच नकाशे नव्याने कोरून घेतले. ‘ब्लाऊ’ नावाखाली कधी पुसट जुन्या अक्षरांचे अवशेष भिंगात सापडतात. ते दोष समजून नकाशा परत करू नका, तो पत्र्याच्या इतिहासाचा पुरावा आहे.

प्रश्न : लिन्शोटेन या डच प्रवाशाच्या 1596 च्या प्रवासग्रंथातला गोव्याचा आराखडा घरी आहे. हिरवा भाग तडकतोय. लॅमिनेट करू का? (वाचक, पणजी)

उत्तर : मुळीच नको. लॅमिनेशनची उष्णता आणि चिकट थर कागदाला कायमची इजा करतात. हा आराखडा डूटेकम या नकाशे कोरणाऱ्यांच्या घराण्यातल्या बाप्टिस्टाने कोरला. त्याच्या प्रती हाताने रंगवत, आणि जुना हिरवा रंग बहुधा जंगालाचा, म्हणजे तांब्याच्या हिरव्या गंजाचा असे. त्यातलं तांबं दमट हवेत कागदाचे तंतू झपाट्याने कुजवतं. आधी मागच्या बाजूने तपकिरी डाग उमटतो, मग कागद ठिसूळ होतो आणि नेमकं हिरवं शेत गळून पडतं. अशा कागदाला पाणी, इस्त्री, चिकटपट्टी काहीही लावू नका. सपाट पुठ्ठ्यावर ठेवून कागदसंवर्धकाकडे न्या.

फ्रेम करायची तर मागचा पुठ्ठा आणि पुढची खिडकी, म्हणजे मधोमध कापलेला पुठ्ठा, आम्लरहित हवी, आणि काच कागदापासून 3-4 मिलिमीटर दूर. नकाशा फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगा. पट्टी हिरव्या भागावर येऊ देऊ नका. चारही बाजू चिकटवल्या तर पावसाळ्यात फुगलेल्या कागदाला पसरायला जागा उरत नाही, तो सुरकुततो आणि कोरड्या दिवसांत घडीवर फाटतो. फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीची ओल थेट पोचणार नाही. पावसाचा मारा बसणारी भिंत आणि थेट ऊन टाळा. गणपतीच्या सुमारास फ्रेम उतरवून पाठीमागे कसर आणि बुरशी तपासा.