घण, मार्तूल, मोगरी आणि मोगरा

प्रश्न आला आहे तो असा: हातोडा, हातोडी, घण, मार्तूल आणि मोगरी ही एकाच वस्तूची नावे की वेगवेगळ्या? 'बॉल पिन' हातोड्यातली पिन कसली? आणि जाता जाता, 'घणाघाती भाषण' लिहावे की 'घनाघाती'?

जाता जाता विचारलेलेच आधी घेतो, कारण ते रोज डोळ्यांत खुपते. घणाघाती. बाणातला ण. वृत्तवाहिनीच्या पट्टीवर 'विरोधकांची घनाघाती टीका' दिसली की ढगांनी पत्रकार परिषद घेतली की काय, असे वाटते. लिहिणाऱ्याला वाटते, ण म्हणजे गावठी, न केला की शब्द शुद्ध झाला. अहो, संस्कृतातले पानीय आपल्याकडे पाणी झाले, स्थानाचे ठाणे झाले, जनाचा जण झाला, तसाच घनाचा घण झाला. तुकोबा 'हिरा ठेवितां ऐरणीं । वांचे मारितां जो घणीं' म्हणतात. तिथे न घालून पाहा, ऐरणीचे यमक जागच्या जागी मोडते.

मुळात घन आणि घण हे दोन्ही शब्द हन् (मारणे) या धातूचे. पाणिनीने 'करणेऽयोविद्रुषु' असे सूत्रच केले आहे: ज्याने अयस् म्हणजे लोखंड ठोकायचे तो अयोघन. त्याच्या थोडे आधी 'मूर्तौ घनः' येते, म्हणजे कठीणपणा, घट्टपणा सांगणारा घन. घनदाट, घनमूळ, पावसाळी घन आणि लोहाराचा घण अशी ही भावंडे आहेत. पण मराठीत त्यांनी केव्हाच वेगळ्या चुली मांडल्या, त्या पुन्हा एक करायचे कारण नाही.

हातोडा मोठा, हातोडी लहान, हे सांगायला कोशाची गरज नाही. मात्र 'घण म्हणजे मोठा हातोडा' एवढ्यावर भागवणाऱ्या कोशकारांना एकदा लोहाराच्या भट्टीजवळ उभे करायला हवे. लोहार एका हाताने तापलेले लोखंड ऐरणीवर धरतो, दुसऱ्या हातातल्या हातोडीने टुकटुक करून जागा दाखवतो, आणि समोरचा माणूस दोन्ही हातांनी उचललेला घण नेमका तिथे घालतो. फरक वजनाचा आहे तसाच कामाच्या वाटणीचाही आहे. पुण्याच्या तांबट आळीत भांडी मठारतात ती हातोडीने. तिथे घण घातला तर हंड्याची परात होईल. 'अनधिकृत बांधकामांवर हातोडा' या मथळ्याबद्दल काही बोलत नाही. काम जेसीबी करतो, श्रेय हातोड्याला. आणि भारतातले न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. तो सिनेमावाल्यांनी त्यांच्या टेबलावर ठेवला आहे.

आता मार्तूल. हा 'मारणे' आणि 'तोल' यांचा जोड आहे, तोलून मारायचे ते मार्तूल, अशी व्युत्पत्ती मला आजवर अनेक विद्वानांनी ऐकवली आहे, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ती आपणच शोधल्याचा आनंद होता. ती साफ चूक आहे. शब्द पोर्तुगीज आहे: मार्तेलो, म्हणजे हातोडा. गोव्यात जन्मलेल्या सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो या पाद्रीबुवांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ साली काढला, तेव्हाच हा निकाल लागला. फिलिपिन्समध्ये हातोड्याला मार्तिल्यो म्हणतात (तिथे तो स्पॅनिशमधून पोहोचला), मलायमध्ये मार्तिल. त्या लोकांनीही आपला 'तोल' उसना नेला होता काय? गवंड्याचे घमेलेही पोर्तुगीजच, आणि संध्याकाळी हातात पडतो तो पगारही. त्यावर कुणाचा आक्षेप नसतो, मार्तुलावर मात्र संस्कृत गोमूत्र शिंपडायची घाई.

पण खरी गंमत मोगरीत आहे, आणि मला लिहायचे होते ते तिच्याबद्दलच.

मोगरी म्हणजे लाकडी हातोडा. सुताराच्या पटाशीची मूठ लाकडाची असते. तिच्यावर लोखंडी हातोडा हाणत राहिले तर मूठ फुटते, म्हणून मोगरी. मूळ संस्कृत शब्द मुद्गर. जोडाक्षराआधीच्या उ चा प्राकृतात ओ होतो: तुंडाचे तोंड झाले, पुस्तकाची पोथी झाली, त्याच वाटेने मुद्गराचा मोग्गर आणि मग मोगर, मोगरी. आता हाच शब्द शेवटी आ लावून म्हणा. मोगरा!

हा योगायोग नव्हे. संस्कृत कोशांत मुद्गराचा एक अर्थ कळी आणि एक अर्थ जाईजुईच्या गोतातले फूलझाड असाही दिलेला आहे. मोगऱ्याची न उमललेली कळी देठाशी धरून आडवी करा: खाली बारीक लांब नळी, वर टपोरे गोल डोके. दांडा आणि माथा. बटमोगऱ्याची कळी तर एखाद्या बाहुलीच्या सुताराने वापरावी अशी. 'मग मदनबाण, तोही मोगराच, टोकदार कसा?' असे कुणी विचारील. म्हणूनच तर त्याला बाण म्हणतात, मोगरी नाही.

इथे माझे भांडण थेट हेमचंद्राशी आहे. बाराव्या शतकातला हा जैन पंडित आपल्या प्राकृत व्याकरणात मुद्गराचा मोग्गर होतो हे उदाहरण देऊन सांगतो. आणि तोच गृहस्थ देशी शब्दांच्या संग्रहात कळी या अर्थाचा मोग्गर वेगळा काढून ठेवतो, जणू त्याचा संस्कृताशी संबंधच नाही! एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घ्यायचा हा प्रकार. माझ्या मते कळीचा मोग्गर आणि सुताराचा मोग्गर एकच. आधी अवजार, मग त्याच्या आकारावरून कळी, मग कळीवरून अख्खे झाड. पण निदान हेमचंद्र मोगऱ्याला मोगल बादशहांच्या पदरी तरी बांधत नाही. 'मोगलांनी आणला म्हणून मोगरा' असे सांगणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की हेमचंद्र ११७२ मध्ये वारला आणि बाबर पानिपतावर आला १५२६ मध्ये.

राहता राहिला आयटीआयच्या वहीतला 'बॉल पिन' हातोडा. पिन नव्हे, पीन, दीर्घ. टाचणीशी त्याचा संबंध नाही. हातोड्याच्या सपाट तोंडामागचा जो भाग, तो पीन. तो गोल असला की बॉल पीन, दांड्याला आडवा पाचरीसारखा असला की क्रॉस पीन, दांड्याच्या रेषेत असला की स्ट्रेट पीन. खुणा करायला २५० ग्रॅमचा घ्यावा, फिटरच्या रोजच्या कामाला ५०० चा.