मैत्रिणीची भूमिका माझ्याकडे चालून आली आहे

प्रश्न : मी २६ वर्षांची असून मूळची सांगलीची आहे. महाविद्यालयात असताना एकांकिका स्पर्धांमधून कामे करू लागले आणि चार वर्षांपूर्वी अभिनय हाच व्यवसाय करायचा असे ठरवून मुंबईला आले. आमच्याच संघातील एक मैत्रीणही माझ्याबरोबर आली. गोरेगावला आम्ही दोघी एका खोलीत राहतो. भाडे, किराणा, गॅस, सारे निम्मे निम्मे. ऑडिशनचा निरोप एकीला आला की तिने तो दुसरीला कळवायचा आणि एकीचे ऑडिशन चित्रित होत असताना दुसरीने कॅमेऱ्यामागून क्यू द्यायचा, हा नेम आजवर कधी चुकला नाही.

गेल्या वर्षी एका मराठी मालिकेतील मोठ्या भूमिकेसाठी आम्ही दोघीही शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचलो आणि भूमिका तिला मिळाली. मी तिला पेढा भरवला आणि रात्री गच्चीवर जाऊन रडले. तेव्हापासून ती सेटवरच्या गोष्टी सांगू लागली की मी काहीतरी निमित्त काढून उठून जाते.

आता त्याच निर्मितीसंस्थेतून मला फोन आला आहे. तिचे काम वाहिनीला पसंत नाही, महिनाअखेरीस तिला बदलायचे आहे, तेव्हा मी लूक टेस्टला यावे आणि ‘हे तिला अजिबात कळता कामा नये’ असे मला बजावण्यात आले. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आहे. मला ही भूमिका हवी आहे, हे लिहितानाही लाज वाटते. घरच्यांनी मला आणखी एकच वर्ष दिले आहे. तिचा सीन रात्री फोनवर येतो तेव्हा ती तो अजूनही माझ्याकडूनच पाठ करून घेते. मी काय करू? आणि मला तिचा मत्सर वाटतो, म्हणजे आमची मैत्री मुळातच खोटी होती का?

उत्तर : तुमचे पत्र ई-मेलने आले तेव्हा मुदत संपायला एक दिवस उरला होता, म्हणून मी त्याच रात्री तुम्हाला उत्तर पाठवले. तेच उत्तर थोडे विस्तारून, तुमच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे छापत आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात तसाच राहिला तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही अपराधी भावनेतून द्याल. मैत्री खोटी नव्हती. पेढा खरा होता आणि गच्चीवरचे रडणेही खरे होते. तुम्ही दोघी एकाच वयाच्या आहात, एकाच गावाकडच्या बोलीवर वाढलेल्या आहात, एकाच संघात घडलेल्या आहात. तेव्हा एकाच भूमिकेसाठी तुम्हा दोघींना बोलावणे येणे अटळ होते. मालिकेत नायिका एक असते, तिच्या विरोधात उभी राहणारी आणखी एक, आणि तुमच्या वयाच्या बाकीच्या मुलींना बहीण, मैत्रीण किंवा वहिनी होऊन चहाचे ट्रे घेऊन यावे लागते. जागा इतक्या कमी असतील तर शेजारी बसलेली व्यक्ती स्पर्धक ठरतेच, मग ती कितीही जिवलग असो. आणि निवड करताना त्या खोलीत काय पाहिले जाते? नायकाच्या शेजारी उंची कशी दिसते, आईचे काम करणाऱ्या अभिनेत्रीशी चेहरा जुळतो का, तारखा मोकळ्या आहेत का, पर डे, म्हणजे दिवसाचे मानधन, किती मागते. तुमच्या दोघींत सरस अभिनेत्री कोण, या प्रश्नाला त्यात फार थोडा वेळ मिळतो. गेल्या वर्षी तुम्ही तिच्याकडून हरला नाहीत आणि आज तीही तुमच्याकडून हरत नाही. हे मी तुमचे मन राखण्यासाठी लिहीत नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलेले सांगते आहे.

आपल्या रंगभूमीने चढाओढीचा कधी संकोच केला नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला, तेव्हा गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत एकत्र उभे राहिले. दोघांच्या मंडळ्या वेगळ्या होत्या, दोघांचे चाहते वेगळे होते आणि त्या रात्री कोणाचे पद अधिक रंगते याकडे अवघ्या प्रेक्षागृहाचे कान लागले असणार, हे दोघांनाही ठाऊक होते. पुढे तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले. तो प्रयोग झाला नसता तर मराठी नाटक केवढ्या क्षणाला मुकले असते, असे मला नेहमी वाटते. ती चढाओढ भर रंगमंचावर, दिव्यांच्या उजेडात झाली, म्हणून आज शंभर वर्षांनीही आपण ती कौतुकाने आठवतो.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. स्मिता पाटील आणि शबाना आझमी यांनी १९७५ ते १९८३ या काळात काही चित्रपटांत एकत्र काम केले आणि दोघींतल्या स्पर्धेची चर्चा तेव्हाही होत असे. १९८६ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी स्मिता पाटील यांचे निधन झाले. स्मिताविषयी आपण काही अनुदार बोललो होतो याची खंत शबाना आझमी यांनी नंतर जाहीरपणे बोलून दाखवली आहे. एकमेकींपेक्षा चांगले काम करण्याची ईर्षा होती, याची खंत त्यांनी व्यक्त केल्याचे मात्र माझ्या वाचनात नाही. तुम्ही ज्या पेचात आहात त्यात हा फरक माझ्या मते फार मोलाचा आहे.

आता थोडे माझ्याविषयी. मी व्यावसायिक रंगभूमीवर बरीच वर्षे काम केले आणि दोन वेळा माझी भूमिका दुसरीकडे गेली. पहिल्या वेळी मला ते रविवारच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून कळले. नाटक तेच, तारखा त्याच, आणि माझ्या नावाच्या जागी त्याच नाटकात दुय्यम काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे नाव. ती दहा दिवस माझ्या भूमिकेची तालीम करत होती. त्याच दहा दिवसांत आम्ही नाटकाच्या बसने कोल्हापूरचा दौरा करून आलो होतो, शेजारी शेजारी बसलो होतो आणि तिने मला तिच्या डब्यातली गुळाची पोळी दिली होती. तिलाही ‘बोलू नकोस’ असेच सांगितलेले होते, हे मला पुढे समजले. भूमिका गेल्याचे दुःख वर्षभरात ओसरले. त्या पोळीची आठवण मात्र इतक्या वर्षांनंतरही तशीच आहे, आणि आमचे बोलणे पुन्हा कधी पूर्वीसारखे झाले नाही.

दुसऱ्या वेळी मी गरोदर होते आणि नाटक थांबणे शक्य नव्हते. माझ्या जागी निवडलेली मुलगी आमच्या घरी आली आणि म्हणाली, ‘ताई, तुमचे काम मी करणार आहे, मला हालचाली दाखवाल का?’ स्वयंपाकघराच्या ओट्यावर आम्ही वाट्या मांडल्या. मोठे पातेले म्हणजे सोफा, तांब्या म्हणजे दार. तिला एंट्री दाखवताना माझ्या पोटात तुटत होते, कारण त्या भूमिकेचे दीडशेहून अधिक प्रयोग मी केले होते आणि त्यातला प्रत्येक श्वास माझा होता. तरीही ती घरी आली होती. शिवाजी मंदिरात तिचा पहिला प्रयोग मी शेवटच्या रांगेत बसून पाहिला, आणि एक हशा तिने माझ्यापेक्षा चांगला घेतला हे तिला विंगेत जाऊन सांगितले. आजही अडीअडचणीला आम्ही प्रथम एकमेकींनाच फोन करतो.

म्हणून माझे मत असे की भूमिका घेणे हा विश्वासघात नाही. महिनाभर तिचे सीन पाठ करून घेत राहायचे आणि तिला काही कळू द्यायचे नाही, हा मात्र विश्वासघात आहे. केवळ मैत्रीखातर ही भूमिका नाकारू नका. तुमच्या नकाराने ती भूमिका तिच्याकडे राहणार नाही, तिसऱ्या कोणाकडे जाईल. आणि त्या त्यागाची किंमत तुम्ही तिच्याकडून आयुष्यभर, स्वतःच्याही नकळत, वसूल करत राहाल.

उद्या सकाळी ज्यांनी फोन केला त्यांच्याशी नव्हे, तर त्या संस्थेत निर्णय घेऊ शकणाऱ्या कार्यकारी निर्मात्यांशी बोला. ‘मला काम करायची इच्छा आहे, परंतु मी तिच्याबरोबर एका खोलीत राहते. तिला तुम्ही कळवल्यानंतरच मी लूक टेस्टला येईन, तेव्हा तुम्ही तिला कधी कळवणार आहात?’ एवढेच विचारा. तिला ठेवा किंवा काढू नका, अशी रदबदली करू नका. तो तुमचा अधिकार नाही. कथानक गुप्त ठेवायला सांगणे समजण्यासारखे आहे, पण एखादीची रोजीरोटी जाणार आहे हे तिच्या घरातल्या व्यक्तीने तिच्यापासून लपवावे, असे सांगण्याचा हक्क कोणाला नाही. त्यांनी संध्याकाळपर्यंत तारीख दिली नाही, तर तुम्हीच तिला सांगा. यात भूमिका तुमच्याही हातून निसटू शकते, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. तसे झाले तर घरच्यांनी दिलेल्या वर्षातील एक मोठी संधी जाईल आणि ती गेल्याचे दुःख खरेच मोठे असेल.

तिला सांगताना ती चित्रीकरणाहून दमून आली असेल ती वेळ टाळा, आणि फोनवर तर मुळीच सांगू नका. फोन कधी आला, काय म्हणाले, तुम्ही काय उत्तर दिले, हे क्रमाने सांगा. ‘मी हे काम करू का?’ असे तिला विचारू नका. त्या क्षणी परवानगी देण्याचा भार तिच्यावर टाकणे निर्दयपणाचे होईल. मला ही भूमिका हवी आहे, असे स्पष्ट म्हणा. ती चिडेल, कदाचित वाईट बोलेल. त्या रात्री आपली बाजू मांडत बसू नका.

व्यवहाराच्या बाजूने एक गोष्ट तिच्यासाठी तातडीने करण्यासारखी आहे. मालिकांचे मानधन साधारणपणे नव्वद दिवसांनी हाती येते, त्यामुळे तिचे काम थांबले तरी मागचे पैसे येणे बाकीच असेल. तिने सह्या केलेल्या व्हाउचरच्या नोंदी, कामाच्या दिवसांचा हिशेब आणि करारातले पूर्वसूचनेचे कलम तिने आताच काढून ठेवावे. ती सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशनची सभासद असेल तर थकबाकीची तक्रार तेथे नेता येते. तुमचा करार पुढे आला तर तेच कलम तुम्हीही दोनदा वाचा, कारण जी संस्था आज तिच्या पाठीमागे तुम्हाला फोन करते, ती उद्या तुमच्या पाठीमागे आणखी कोणाला करणार नाही असे मानण्यास मला आधार दिसत नाही. दुसऱ्या कामाला हा करार आडकाठी करतो का, तेही पाहून घ्या.

राहिला खोलीचा प्रश्न. तिचे उत्पन्न थांबले तर तिच्या वाट्याचे भाडे परस्पर भरून टाकू नका, तिला ते फार झोंबेल. तिने मागितले तर द्या आणि पूर्वीसारखेच वहीत लिहून ठेवा. आणि तिने खोली सोडायचे ठरवले तर तिच्या वाट्याचे निम्मे डिपॉझिट तिला त्याच दिवशी हातात द्या, घरमालकाकडून पैसे परत येण्याची वाट पाहू नका; त्यासाठी सांगलीहून उसने आणावे लागले तरी आणा.