आधी खोकी मोजा, अध्यक्ष नंतर निवडा

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातल्या एका गावात राहतो. आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला ऑनलाइन विकतो. विक्री बरी आहे, पण परत आलेली पार्सलं, मध्येच कापलेले पैसे, अचानक बंद झालेलं लिस्टिंग (मालाचं ऑनलाइन पान) यांतलं काही कळेनासं झालं की जवळपास विचारायला माणूस नाही. ज्या कंपनीच्या साइटवर विकतो तिच्या मदत केंद्रात दर वेळी नवा माणूस भेटतो आणि जुनंच उत्तर देतो. आजूबाजूच्या गावांत असे विकणारे आणखी पाच-सहाजण आहेत. त्यांना धरून एक गट काढावा असं मनात आहे. मिस्टर म्हणतात, "आपला माल कुठून येतो, गिऱ्हाईक कोण, हे लोकांना कशाला सांगायचं? आणि नोंदणी नसलेल्या गटाला विचारतो कोण?" सुरुवात कुठून करू? नोंदणी करावी का?
– एक भगिनी, ता. देवगड

उत्तर: मिस्टरांची पहिली शंका रास्त आहे, दुसरी सोडून द्या. आपल्याकडे चार माणसं जमली की आधी अध्यक्ष ठरतो, मग लेटरहेड छापलं जातं, मग लेटरहेडवर कोणाचं नाव वर यावरून दोन वाड्या बोलेनाशा होतात. कामाचं नाव कोणी काढत नाही. तुम्ही उलटीकडून सुरुवात करा.

मी कणकवलीत काजू आणि मसाले विकते. आमचा असा एक गट आहे, त्याला आजही नाव नाही. त्यात आमसुलवाली एक, सुकी मासळीवाला एक, लाकडी खेळणीवाला एक, पिशव्या शिवणारी एक. प्रत्येकाचा माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, दुखणं मात्र तेच. तुमच्या पाच-सहा जणांत सगळेच आमसूलवाले असतील तर मिस्टरांची भीती खरी ठरेल, म्हणून वेगळा माल विकणारी दोन माणसं मुद्दाम शोधा. आणि पहिल्याच दिवशी तोंडी ठरवून टाका की माल कुठून आणता, कितीला आणता, हे कोणी कोणाला विचारायचं नाही. मसाल्याचं प्रमाण तर नाहीच नाही. आपल्याकडचा माणूस एक वेळ जमिनीचा तुकडा सोडेल, पण मसाल्याचं प्रमाण सख्ख्या सुनेला सांगताना दहा वेळा विचार करेल.

मग बोलायचं कशावर? पहिल्या बैठकीला प्रत्येकानं गेल्या महिन्याच्या सेटलमेंटचा कागद (म्हणजे विक्रीतून काय कापून किती पैसे हातात दिले, तो कंपनीचा हिशेब), परत आलेलं एखादं पार्सल आहे तसं, आणि नेहमी वापरतो ते रिकामं खोकं आणायचं. कोणीतरी शिंप्याकडची टेप आणा.

टेप कशाला ते सांगते. कुरिअरवाला नुसतं काट्यावरचं वजन धरत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायची. येईल ते किलो. हे आकारमानाचं वजन आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्यावर पैसे. अर्धा किलो आमसुलं तुम्ही ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात भरलीत, तर गुणाकार १५,००० आणि वजन ३ किलो. तीच आमसुलं २२ बाय १५ बाय १० मध्ये बसवलीत तर पाऊण किलोसुद्धा होत नाही. घरात होतं ते खोकं वापरलं, कागदाचे बोळे कोंबले आणि नफा कुरिअरच्या गाडीत बसून गेला, हे आमच्या गटात एकीच्या सेटलमेंटवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा तिला पटलं. तोंडी सांगून पटलं नसतं. कंपनी वजन चुकीचं लावते अशी तक्रार करायची असेल तर काट्यावर ठेवलेल्या आणि टेप लावलेल्या पार्सलाचा फोटो हाताशी लागतो. तो काढायची सवय एकमेकांना लावणं, हेही गटाचंच काम.

परत आलेल्या पार्सलाचंही तसंच. आमसुलं रसात आणि मिठात भिजवून पुन्हा पुन्हा वाळवतात, त्यामुळे काही दिवसांनी त्यांच्यावर मिठाचा पांढरा थर धरतो. आपल्याला त्यात नवल नाही, पण दिल्ली-लखनौच्या गिऱ्हाइकाला ती बुरशी दिसते. "खराब माल" म्हणून पार्सल परत, वर शेऱ्यात पाचपैकी एकच चांदणी. आमच्या आमसुलवालीनं हा शेरा घरात कोणाला दाखवला नव्हता. बैठकीत मासळीवाल्यानं वाचला आणि म्हणाला, "अगो, फोटोतच लिही ना, पांढरा दिसता ता मीठ आसा." आता तिच्या लिस्टिंगच्या दुसऱ्या फोटोत पांढऱ्या थराचा जवळून काढलेला फोटो आणि खाली तेवढीच ओळ आहे.

सेटलमेंटच्या कागदावर कमिशन आणि कुरिअर सोडून आणखी कापलेलं दिसेल. जीएसटी नंबर असेल तर जीएसटीपोटी आधीच कापून घेतलेला अर्धा टक्का, म्हणजे टीसीएस (१० जुलै २०२४ पूर्वी तो एक टक्का होता) आणि आयकरापोटी तसाच कापलेला ०.१ टक्का, म्हणजे टीडीएस. हे दोन्ही पैसे कंपनीचे नव्हेत, तुमच्या नावावर सरकारात जमा होतात, आणि विवरणपत्र भरताना मागितले नाहीत तर तिथंच पडून राहतात. स्वतःच्या नावावर विकणाऱ्या व्यक्तीची वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन-आधार दिलेलं असेल, तर टीडीएस कापायचाच नसतो. गटात एखादा हिशेबनीस असेल तर उत्तम. नसेल तर कर सल्लागाराला वर्षातून एकदा चहाला बोलवा आणि त्याची फी वाटून द्या.

जीएसटीवरून आठवलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेच्या आतल्या लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणी न करता, जीएसटीच्या पोर्टलवरून नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन माल विकता येतो. अट अशी की माल आपल्याच राज्यात जायला हवा. आपली गंमत बघा, बांद्याहून गोंदियाला पार्सल पाठवलं तर चालतं; पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात पेडण्याला पाठवलं की ते परराज्य. गटातले कोण या क्रमांकावर आहेत आणि कोणाकडे पूर्ण नोंदणी आहे, एवढं एकदा तपासून घ्या, कारण एकाला लागू असलेला सल्ला दुसऱ्याला गोत्यात आणतो.

आता गटात काय करायचं नाही ते. एकमेकांचा माल मागवून पाच चांदण्या द्यायच्या, हा मोह पहिल्याच महिन्यात होतो. करू नका. खोटे शेरे ओळखणारी यंत्रणा या कंपन्यांकडे असते आणि पकडलं की अख्खं खातं जातं. दुसरं, कोणाच्या घरी लॅपटॉप चांगला, वायफाय चांगलं, म्हणून सगळ्यांनी तिथूनच आपापलं खातं उघडायचं नाही. खाती एकमेकांशी जोडलेली आहेत असं कंपनीला वाटलं, तर एकाचं बंद झाल्यावर बाकीची ओढली जातात. अडचण दाखवायची तर आपल्या फोनवर, आपल्या रिचार्जवर. तिसरं, "आपण सगळ्यांनी काजूगर अमुक भावाखाली विकायचे नाहीत" असला ठराव नको. ऐकायला तो एकीचा वाटतो, पण विकणाऱ्यांनी मिळून भाव बांधणं २००२ च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही.

पैसा मात्र एका जागी वाचतो, तो पिकअपमध्ये, म्हणजे कुरिअरवाला पार्सलं उचलून नेतो तिथे. पावसात वाडीवर दोन पार्सलांसाठी कुरिअरचा पोरगा येत नाही आणि उशिराचा ठपका आपल्यावर बसतो. सगळ्यांची मिळून वीस पार्सलं बाजारपेठेतल्या एका दुकानात ठेवा, बघा येतो की नाही. फक्त प्रत्येकाचं पार्सल त्यानं समोर स्कॅन केलं पाहिजे; नुसतं पोतं उचलून नेलं तर कंपनीच्या लेखी माल दिलेलाच नाही. पिकअप चुकल्याच्या तारखा आणि पार्सल क्रमांक एका वहीत लिहा. एकटीची तक्रार मदत केंद्रात विरून जाते. सहा विक्रेत्यांनी एकाच पिनकोडबद्दल, तारखांसकट, एकाच दिवशी लिहिलं की ती वरच्या माणसापर्यंत जाते, हा आमचा अनुभव आहे.

नोंदणीचं म्हणाल, तर सोसायटी, म्हणजे संस्था, नोंदवायला किमान सात माणसं लागतात. पुढे धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज. गटाच्या नावावर बँकेत पैसे ठेवायची वेळ येईल किंवा गाळा भाड्यानं घ्यायचा होईल, तेव्हा तो विषय काढा. तोवर खोकी एकत्र मागवायचीच असतील तर ज्यानं त्यानं आधी आपले पैसे द्यायचे, म्हणजे उधारी नाही आणि भांडणही नाही.

जागा अशी निवडा जिथे मोबाइलला रेंज आहे. वाचनालयाची किंवा शाळेची खोली चालेल. कोणाचं घर नको, चहापाण्यात घरच्या बाईची बैठक बुडते. आणि मुहूर्त काढाल तो आंब्याच्या पेट्या संपल्यावर, चतुर्थीच्या आधी. मे महिन्यात तुमच्या देवगडात कोणी बैठकीला येईल या भ्रमात राहू नका.

प्रश्न: माझं विक्रेता खातं बंद झालंय. आमच्या विक्रेत्यांच्या गटातल्या एकानं फोन नंबर दिला. तो माणूस पाच हजारांत खातं चालू करून देतो म्हणतो, पण ओटीपी मागतो. देऊ का?
– एक वाचक, ता. गुहागर

उत्तर: नाही. ओटीपी दिलात तर खात्याबरोबर त्याला जोडलेली बँकही त्याच्या हातात जाईल. खातं बंद करताना कंपनीनं पाठवलेला मेल पुन्हा वाचा. कुठला कागद हवा ते बहुतेकदा त्यातच असतं. नाव, पत्ता, पॅन आणि बँक खातं यांत एका अक्षराचा फरक आहे का ते आधी बघा. "सडा" आणि "साडा" एवढ्या फरकावरही पत्ता अडकतो. आणि ओटीपी आधीच देऊन बसला असाल, तर हे वाचत बसू नका. बँकेला फोन करा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तो नंबर देणाऱ्या सभासदालाही कळवा, तोही फसलेला असू शकतो.