जिप्सीचा ट्रान्सफर केस गळतोय? आधी धुवा
घाबरू नका, जुन्या मारुती जिप्सीत हे नेहमीचंच. (ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी.) सील (तेल अडवणारी रबरी रिंग) मागवायची घाई नको. केस डिझेल-ब्रशने लख्ख धुवा, गाडी थोडी फिरवा, मग खाली टॉर्च मारा. वारा तेल मागे ढकलतो. म्हणून थेंब पडतो तिथे नव्हे, सगळ्यात वर आणि पुढे ओलं दिसेल तिथे शोधा.

- ब्रीदर (केसमधली हवा बाहेर सोडणारी वाट) तुंबलाय का? आत दाब वाढला की नवं सीलही गळतं. नवखे हेच हमखास विसरतात.
- फ्लँजवर (शाफ्टच्या टोकाचा भाग, ज्यावर सील टेकतं) नख फिरवा. खाच लागली तर नुसतं सील बदलून भागणार नाही.
- बाहेरून सिलिकॉन थापू नका, प्लीज!

तेल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतो ना, ते बघा. भरताना गाडी सपाटीवर, तेल भोकाच्या काठापर्यंतच.