वाचकांचे प्रश्न : बर्रचे दात नंतर, आधी दांडी बघा

प्रश्न : काका, मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी घरी शिवणीच्या लाकडात नंदी कोरतोय, गड्ड्याच्या यात्रेआधी पूर्ण करायचाय. माझ्या लहान रोटरी टूलला (हातात धरायचं फिरतं यंत्र) लावायला ऑनलाइन ३० डायमंड बर्रचा, म्हणजे कोरायच्या फिरत्या टोकांचा, सेट मागवला, पण लाकूड कापायच्या ऐवजी काळं पडतंय, जळका वास येतो आणि थोड्या वेळात बर्र गुळगुळीत होऊन बसतो. कंपनीत लोखंड घासायचे जुने कार्बाइड बर्र मिळतात, ते चालतील का?

उत्तर : अरे बाबा, सेट फसवा नाही, तू तो भलत्या कामाला लावलायस. डायमंड बर्र म्हणजे पोलादाच्या बोंडावर हिऱ्याची बारीक पूड चिकटवलेली, ती घासते, कापत नाही. काच, दगड याला ती मस्त. शिवणीसारख्या मऊ लाकडात मात्र भुसा त्या कणांच्या मधे गच्च बसतो, मग लाकडावर लाकूडच घासलं जातं, जळणार नाही तर काय होईल. सेट फेकू नकोस, शेवटी नंदीच्या गळ्यातली घुंगूरमाळ न् डोळ्याची पापणी करताना हलक्या हाताने तोच कामाला येईल.

लोखंडाच्या बर्रचंही तसंच. त्याचे दात आडवे-उभे, जवळजवळ कापलेले असतात, लाकडाचा भुसा त्यात अडकतो. शिवाय कंपनीतल्या बर्रची दांडी बहुतेक ६ मिलीमीटरची असणार, तुझ्या लहान रोटरी टूलचं कोलेट (दांडी पकडणारा चिमटा) ३.२ चं, म्हणजे तो प्रश्नच मिटला. म्हणून मी दुकानात गेलो की दात बघायच्या आधी दांडी बघतो. बाजारात २.३५, ३, ३.२, ६ अशा सगळ्या दांड्या असतात आणि ३ ची दांडी ३.२ च्या कोलेटमधे पकडल्यासारखी वाटते पण जोर आला की सरकते. त्यासाठी ३ चं कोलेट वेगळं घे, फार पैसे लागत नाहीत.

लाकडासाठी बनलेल्या कार्बाइड बर्रवर सुट्या सुट्या काट्यांसारखे दात असतात, मधे मोकळी जागा, भुसा उडून जातो. सुरुवातीला तीनच घे: पाठ न् पोट गोलाईत आणायला गोल टोकाचा सिलिंडर जाड दातांचा, मानेच्या वळ्या काढायला ज्योतीच्या आकाराचा मध्यम दातांचा, आणि नाकपुडी, कानाची खोलगट बाजू यासाठी छोटा गोळा. एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) स्वस्त बर्र शिवणीला चालतील, पण सागाला लावलास तर लवकर बोथट होतात, सागात सिलिका असते ना.

बर्र बरोबर चाललाय का हे मी भुशावरून ओळखतो. शेंगाचटणीसारखा रवाळ भुसा पडला तर ठीक, मैद्यासारखी धूळ उडायला लागली की एकतर दात भरलेत नाहीतर बोथट झालेत. भरले असतील तर टूल बंद करून, प्लग काढून पितळी ब्रशने साफ कर. दाबून काम करू नकोस, मोटरचा आवाज खाली बसला म्हणजे दाब जास्त झाला.

आता स्पीड. सगळेजण ३०,००० आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) ठेवून मोकळे होतात, पण २०,००० आरपीएमला ३ मिलीमीटरच्या गोळ्याची कड ताशी साधारण ११ किलोमीटरने पळते आणि १२ मिलीमीटरच्या बर्रची ४५ ने. म्हणजे मोठा बर्र तेवढा जास्त चावतो न् जास्त जाळतो पण. पाकिटावर कमाल आरपीएम लिहिलेला असतो, तो ओलांडायचा नाही. दांडी कोलेटमधे खोल घाल. माझ्याकडे एक लांब मानेचा होता, आत पोचावं म्हणून दीड-दोन इंच बाहेर ठेवून लावला, स्विच टाकला तशी दांडी वाकली, मोडली आणि टोक जाऊन छपराच्या पत्र्याला टण्णकन बसलं. खड्डा अजून आहे. तेव्हापासून नवीन बर्र लावला की तोंड बाजूला करून अर्धा मिनिट कमी स्पीडला रिकामा फिरवतो, हलका जरी डुगडुगला तरी कचऱ्यात.

प्रश्न : काका, मी भवानी पेठेत राहते, दारावरच्या नावाच्या पाट्या करते. अक्षराच्या कडेला आलं की बर्र एकदम पळतो, काल अंगठ्याजवळून गेला. घरचे म्हणतात हातमोजे घाल. घालू का?

उत्तर : ताई, विणलेले मोजे अजिबात नको. आपलं गाव यंत्रमागाचं, फिरत्या शाफ्टला सूत लागलं की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार. ओढणी, मोकळे केस, हातातला धागा, सगळं आधी बाजूला.

पळण्याचं कारण साधं आहे. टूलचं टोक आपल्यापासून लांब धरून मागून बघितलं तर बर्र घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्याची खालची बाजू लाकडाला टेकली की तो चाकासारखा उजवीकडे धावायला बघतो. तुम्हीपण उजवीकडेच नेलात तर तो सुटणारच. म्हणून काप उजवीकडून डावीकडे घ्या, त्याच्या ओढीच्या उलट. कडेला जाताना कडेवरून बाहेर पडू नका, बाहेरून आत या. आणि पाटी हातात धरायची नाही, टेबलाला क्लॅम्प लावा म्हणजे दोन्ही हात टूलवर राहतात, करंगळी लाकडावर टेकवली की थरथर निम्मी होते बघा.

प्रश्न : शिसवीचं काम केल्यावर हात खाजतात न् शिंका थांबत नाहीत. साधा रुमाल बांधला तर चालेल? (होटगी रोडवरून)

उत्तर : नाही चालणार, बारीक धूळ रुमालातून आरपार जाते. एन-९५ मास्क लावा, चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, आणि बाजूने बंद असलेला गॉगल. शिसवीची ॲलर्जी बऱ्याच सुतारांना असते, पण कुठल्याही लाकडाची धूळ हलक्यात घेऊ नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ती १९९५ मधेच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली आहे. पंखा पाठीमागे ठेवून धूळ दाराबाहेर जाईल असं बसा. काम झालं की अंगावरचा भुसा ब्लोअरने उडवू नका, तोच परत नाकात जातो, ओल्या फडक्याने पुसा आणि कपडे बदलूनच घरात जा.